इंजिन ऑइल गळतंय? आधी उगम शोधा, मग पाना उचला

गाडीखाली काळा डाग दिसला की "खर्च किती येईल?" हा प्रश्न पहिला सुचतो. पण त्याआधी हे कळायला हवं की ऑइल नेमकं सुटतंय कुठून. इंजिनवर सुटलेलं ऑइल उताराने खाली येतं आणि गाडी धावताना वाऱ्याने मागे ढकललं जातं. त्यामुळे थेंब जिथे पडतो, तिथेच गळती असेल असं नाही. बऱ्याचदा ती बरीच वर आणि पुढे असते. टॅपेट कव्हरच्या (इंजिनच्या माथ्यावरच्या झाकणाच्या) मागच्या कोपऱ्यातून सुटलेलं ऑइल ब्लॉकवरून ओघळत गिअरबॉक्सच्या जोडापर्यंत पोचतं. खालून पाहणाऱ्याला वाटतं की क्रँकचं (इंजिनच्या मुख्य फिरत्या दांड्याचं) मागचं सील गेलं. मग जोडात बसणाऱ्या काही शे रुपयांच्या पॅकिंगऐवजी गिअरबॉक्स उतरवण्याचं काम निघतं.

इथे उदाहरणाला मारुतीचं के-सीरीजचं पेट्रोल इंजिन घेतलं आहे. अल्टो के१०, वॅगन आर, सेलेरिओ, स्विफ्ट अशा गाड्यांत ते रस्तोरस्ती दिसतं. शोधण्याची पद्धत मात्र कुठल्याही गाडीला तीच.

ते इंजिन ऑइलच आहे ना?

रात्री गाडी सपाट जागी लावा आणि इंजिनखाली पुठ्ठ्याचं मोठं खोकं उलगडून पसरा. पुढच्या दोन्ही चाकांच्या जागा पुठ्ठ्यावर पेनाने आखून ठेवा, म्हणजे सकाळी डाग इंजिनच्या कुठल्या भागाखाली पडला ते कळेल.

डाग बोटावर घेऊन पाहा. इंजिन ऑइल मधाळ तपकिरी ते काळं असतं आणि बोटांत बुळबुळीत लागतं. कूलंट हिरवा, लाल किंवा निळा, पाण्यासारखा पातळ असतो. गिअरबॉक्सच्या ऑइलला गंधकासारखा उग्र वास येतो. ब्रेक ऑइल फिकट पिवळं असतं आणि रंगावर सांडलं तर रंग उचलतं. ते गळत असेल तर गाडी जागेवरून हलवू नका, आधी ब्रेक दुरुस्त करून घ्या. डाव्या बाजूला स्वच्छ पाण्याचं थारोळं असेल तर ते बहुधा एसीचं पाणी असतं, त्याची काळजी नको.

गाडी चालवायची की नाही

इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटांनी, सपाट जागी डिपस्टिक काढा, पुसा, परत घाला आणि मग वाचा. अनेक लहान गाड्यांत खालच्या आणि वरच्या खुणेमध्ये साधारण १ लिटर किंवा त्याहून थोडं कमी ऑइल मावतं. पातळी आणि किलोमीटर लिहून ठेवा. दर ५०० किलोमीटरला हीच नोंद केली की गळतीचा वेग आकड्यांत कळतो. रात्रभरात रुपयाएवढा डाग आणि ५०० किलोमीटरला जेमतेम हललेली पातळी असेल तर सवडीने काम करता येईल. आठवड्याला पातळी उतरत असेल तर थांबू नका.

तीन बाबतींत मात्र लगेच हात घालावा लागतो. ऑइल सायलेन्सरच्या मॅनिफोल्डवर पडत असेल, म्हणजे सिग्नलला थांबल्यावर बॉनेटमधून जळका वास किंवा धूर येत असेल, तर आगीचा धोका आहे. अल्टरनेटरच्या बेल्टवर येत असेल तर रबर फुगतं, बेल्ट घसरतो आणि शेवटी तुटतो. जुन्या मारुती ८०० सारख्या टायमिंग बेल्टच्या (क्रँकवरून व्हॉल्व्हचा कॅम फिरवणाऱ्या पट्ट्याच्या) इंजिनात पुढच्या सीलची गळती त्या बेल्टलाच खाते. के-सीरीजमध्ये त्या बेल्टऐवजी चेन असल्याने ही एक चिंता कमी.

डॅशबोर्डवरचा ऑइलच्या कॅनचा लाल दिवा चालत्या गाडीत लागला तर तिथेच कडेला घेऊन इंजिन बंद करा. तो दिवा पातळी दाखवत नाही, दाब गेल्याचं सांगतो. त्या अवस्थेत "गॅरेजपर्यंत नेऊ" म्हणून चालवलेल्या गाडीचे बेअरिंग खराब होतात. टोचन करून न्या.

धुतल्याशिवाय गळती सापडत नाही

बॉनेट उघडून टॉर्च मारला की सगळंच काळं आणि ओलं दिसतं. त्यात नवी गळती आणि दोन वर्षांचा जुना मळ वेगळा काढता येत नाही. म्हणून इंजिन धुणं हे तपासणीचंच पहिलं पाऊल आहे.

इंजिन पूर्ण थंड हवं. बॅटरीची निगेटिव्ह वायर १० नंबरच्या पान्याने सोडवा. अल्टरनेटर, फ्यूज बॉक्स, इग्निशन कॉइल आणि एअर फिल्टरचं तोंड प्लास्टिकच्या पिशव्यांनी झाका. डिग्रीझर फवारा, दहा मिनिटं मुरू द्या आणि जुन्या ब्रशने घासा. टॅपेट कव्हरचा जोड, फिल्टरभोवतीची जागा आणि चेंबरची (इंजिनच्या तळाच्या ऑइलच्या टाकीची) कड यांना वेळ द्या. पेट्रोलने धुणं धोक्याचं आहे, एका ठिणगीने भडका होतो. डिझेल किंवा रॉकेलने मळ निघतो, पण त्याचा थर रबरी पाइपांवर राहिला तर रबर फुगतं, शिवाय तो ओला थर ताज्या गळतीसारखाच दिसतो. वापरलंच तर नंतर साबणाच्या पाण्याने पुसून घ्या. वॉशिंग सेंटरचा जोराचा फवारा इथे नको. पाणी प्लगच्या खोल भोकांत आणि कनेक्टरमध्ये शिरतं आणि इंजिन मिसिंग मारू लागतं. फडक्याने कोरडं करा, तासभर बॉनेट उघडं ठेवा.

वरून खाली शोध

पिशव्या काढा, बॅटरीची वायर परत जोडा, मग इंजिन सुरू करून वीसेक मिनिटं आयडलवर (रेस न देता) ठेवा. फिरता पंखा आणि बेल्ट यांपासून बाही, ओढणी, केस दूर ठेवा. इंजिन बंद करून टॉर्च आणि लहान आरसा घेऊन पाहा. काही दिसलं नाही तर २०-३० किलोमीटर चालवून या. काही जोड इंजिन तापल्यावर आणि दाब वाढल्यावरच ऑइल सोडतात.

नियम एकच: सगळ्यात वरचा आणि सगळ्यात पुढचा ओला बिंदू हाच संशयित. त्याखालचं सगळं ओघळलेलं समजा.

ओल अगदी बारीक असेल तर कोरड्या जोडावर टाल्कम पावडर भुरभुरा आणि परत चालवून या. पांढऱ्या पावडरीवर ऑइलची काळी रेघ उठते आणि तिचं वरचं टोक उगम दाखवतं. त्यानेही जमलं नाही तर ऑइलमध्ये घालायचा यूव्ही डाय (अतिनील प्रकाशात चमकणारा रंग) मिळतो. तो बाटलीवरच्या मापाने घालून दिवसभर गाडी चालवली आणि अंधारात यूव्ही टॉर्च मारला की गळतीची जागा पिवळसर हिरवी चमकते. दोन जागा एकाच वेळी गळत असतील तेव्हा हा उपाय फार कामाचा.

आता कुठे कुठे पाहायचं ते. वरून सुरुवात करा. ऑइल भरायच्या झाकणाचं रबर कडक झालं की झाकणाभोवती ओल दिसते, आणि कित्येकदा ती भरताना सांडलेल्या ऑइलचीच असते. मग टॅपेट कव्हरची पूर्ण कड बोट फिरवून पाहा, खास करून मागची बाजू, जिथे नजर पोचत नाही. कॉइल काढून प्लगच्या भोकात टॉर्च मारा. तिथे ऑइल साचलेलं दिसलं तर प्लगभोवतीची सील रिंग गेली आहे. कॅम सेन्सरच्या तळाशी ओ-रिंग असते, तीही कडक होऊन पाझरते.

मधल्या भागात ऑइल प्रेशर स्विच पाहा. त्याचा कनेक्टर ओढून काढा. आत ऑइल दिसलं तर स्विच फुटला आहे, दुसरा पुरावा नको. मग ऑइल फिल्टर, डिपस्टिकच्या नळीचा तळ आणि चेनच्या कव्हरचा जोड. सगळ्यात खाली क्रँक पुलीमागचं पुढचं सील, चेंबरची कड आणि ड्रेन बोल्ट. पुढचं सील गळत असेल तर पुली ऑइल गोल भिरकावते आणि आसपास चकतीसारखे शिंतोडे दिसतात.

गळती सर्व्हिसिंगनंतर लगेच सुरू झाली असेल तर क्रम उलटा करा: फिल्टर आणि ड्रेन बोल्ट आधी. जुन्या फिल्टरची रबरी रिंग इंजिनच्या तोंडाला चिकटून राहते आणि नवा फिल्टर तिच्यावरच बसवला जातो. दोन रिंगा एकावर एक बसल्या की दाबाखाली त्या सरकतात आणि ऑइल धारेने बाहेर येतं. पातळी वरच्या खुणेच्या वर भरली गेली असेल तर तेही कारण असू शकतं. जास्तीचं आधी काढा.

पॅकिंग बदलण्याआधी ब्रीदर तपासा

ही पायरी वगळली जाते आणि नवं पॅकिंग थोड्याच महिन्यांत परत गळतं. पिस्टनच्या रिंगांमधून थोडा वायू कायमच चेंबरमध्ये उतरतो. पीसीव्ही व्हॉल्व्ह आणि ब्रीदर पाइप तो वायू इनटेककडे ओढून नेतात. वाट चोंदली की आतला दाब वाढतो आणि सगळ्यात कमकुवत जोडातून ऑइल बाहेर ढकलतो. अशा वेळी जोड चांगला असूनही गळतो.

तपासणी सोपी आहे. इंजिन आयडलवर असताना ऑइलचं झाकण उघडा आणि तोंडावर पातळ प्लास्टिकची पिशवी अलगद धरा. पिशवी हलकेच आत ओढली गेली तर ठीक. ती बाहेर फुगून फडफडत असेल तर पीसीव्ही व्हॉल्व्ह काढून हलवा. आत खुळखुळ आवाज यायला हवा. आवाज नसेल तर तो चिकटला आहे, बदला. ब्रीदर पाइपमधला चिकट गाळ साफ करा. व्हॉल्व्ह आणि पाइप नीट असूनही वायू जोरात बाहेर येत असेल तर रिंगा झिजल्याची शक्यता आहे, आणि मग कॉम्प्रेशन तपासल्याशिवाय पॅकिंगवर पैसे घालू नयेत.

टॅपेट कव्हरचं पॅकिंग: घरी करता येईल असं काम

सामान असं: गाडीच्या मॉडेलचा आणि वर्षाचा पॅकिंग संच, प्लगच्या सील रिंगांसह (त्या वेगळ्या मिळत असतील तर मागून घ्या), इंजिनच्या सेन्सरना अपाय न करणारं ऑइलरोधक सिलिकॉन, ब्रेक क्लीनर, धागे न सुटणारी फडकी, १० नंबरची गोटी (सॉकेट), लहान रॅचेट, प्लास्टिकची पट्टी आणि शक्य असल्यास लहान मापाचा टॉर्क रेंच. जुनं पॅकिंग उलटं करून परत वापरायचा मोह टाळा. उष्णतेने ते दाबलेल्या आकारातच कडक झालेलं असतं.

१. इंजिन थंड, बॅटरीची निगेटिव्ह वायर सुटलेली. काहीही काढण्याआधी चारही बाजूंनी फोटो घ्या.

२. वाटेत येणारा एअर फिल्टरचा डबा किंवा पाइप बाजूला करा. कॉइलच्या कनेक्टरवर १, २, ३ असे क्रमांक लिहा आणि मग काढा. कनेक्टरची लॉकची जीभ जुन्या गाडीत ठिसूळ होते. दाबून काढा, वायर ओढू नका. प्रत्येक कॉइलचा बोल्ट सोडवून कॉइल सरळ वर ओढा.

३. प्लगच्या भोकात ऑइल असेल तर प्लग सोडवण्याआधी फडक्याने ते टिपून घ्या, नाहीतर ते सिलिंडरमध्ये उतरेल. कॉइलच्या टोकाचं रबर ऑइलने फुगलं असेल तर तेही बदलावं लागतं.

४. कव्हरभोवतीची धूळ पुसा. बोल्ट बाहेरून आतल्या दिशेने, समोरासमोर, प्रत्येकी अर्धा फेरा असे सैल करा. पुठ्ठ्यावर कव्हरचा आकार काढून त्यात भोकं पाडा आणि प्रत्येक बोल्ट आपल्या जागी खोचून ठेवा. लांबी वेगवेगळी असू शकते.

५. कव्हर चिकटलं असेल तर रबरी हातोडीने कडेला हलके ठोके द्या. स्क्रू ड्रायव्हर जोडात घालून उचकटू नका. ॲल्युमिनियमवर पडलेला ओरखडा म्हणजे नवी गळती.

६. उघड्या हेडमध्ये (कव्हरखालच्या इंजिनच्या वरच्या भागात), खास करून चेनच्या बाजूला, स्वच्छ फडकं कोंबा. जुन्या पॅकिंगचा तुकडा आत पडला तर तो ऑइल पंपाच्या जाळीपर्यंत जातो. जुनं पॅकिंग आणि सिलिकॉन प्लास्टिकच्या पट्टीने काढा. पॉलिश पेपर अजिबात नको, त्याची रेती ऑइलमध्ये मिसळते आणि बेअरिंग घासते. फडक्यावर ब्रेक क्लीनर घेऊन दोन्ही तोंडं आणि कव्हरची खाच पुसा. बोटाला जरासुद्धा तेलकट लागता कामा नये.

७. कव्हर सरळ पट्टीवर धरून ते वाकलं आहे का ते पाहा. प्लास्टिकचं कव्हर असेल तर बोल्टच्या भोकांपाशी तडे शोधा. तडा असेल तर पॅकिंगने काही होणार नाही, कव्हरच बदला.

८. नवं पॅकिंग खाचेत पूर्ण बसवा आणि प्लगच्या रिंगा बसवा. रबरी पॅकिंगला सगळीकडून सिलिकॉन लावायची सवय चुकीची आहे. ते पॅकिंगला सरकवतं, आणि आत पिळून आलेला भाग सुटून ऑइलची वाट बंद करतो. सिलिकॉन फक्त जिथे चेनचं कव्हर आणि हेड यांचा जोड टॅपेट कव्हरखाली येतो तिथे, दोन्ही कोपऱ्यांत, साधारण ३ मिलिमीटरचा ठिपका. तिथे दोन तोंडांत बारीक पायरी असते आणि रबर ती एकटं भरू शकत नाही. हे कोपरे विसरले तर पुढची गळती नेमकी तिथूनच सुरू होते.

९. आतलं फडकं काढलं का, ते पाहा. सिलिकॉन सुकायच्या आत कव्हर सरळ खाली बसवा. बोल्ट आधी नुसते हाताने फिरवा, मग मधून बाहेरच्या दिशेने, समोरासमोर, दोन-तीन फेऱ्यांत आवळा. या एम-६ मापाच्या बोल्टना साधारण ८ ते १० न्यूटन-मीटर पुरेसे असतात; तुमच्या गाडीच्या वर्कशॉप मॅन्युअलचा आकडा वेगळा असेल तर तोच धरा. टॉर्क रेंच नसेल तर लहान रॅचेट डोक्याजवळ दोन बोटांनी धरून आवळा, लांब दांडा वापरू नका. जास्त आवळल्याने गळती थांबत नाही. पॅकिंग पिळून बाहेर येतं, कव्हर वाकतं आणि हेडमधले आटे गेले की काम कित्येक पटींनी वाढतं.

१०. बाकी सगळं फोटो बघून जोडा. सिलिकॉनच्या नळीवर लिहिलेला वेळ जाऊ द्या, मगच इंजिन सुरू करा. रात्रभर थांबता आलं तर उत्तम.

खालची तीन लहान कामं

खाली काम करायचं तर गाडी सपाट जागी, हँडब्रेक ओढून, पहिल्या गिअरमध्ये आणि मागच्या चाकांना ओट लावून उभी करा. जॅकने उचला, पण खाली शिरण्याआधी दोन्ही बाजूंना स्टँड लावा. विटा किंवा दगडांवर टेकवलेल्या गाडीखाली कधीही जाऊ नका, वीट वजनाखाली अचानक फुटते.

ड्रेन बोल्ट पाझरत असेल तर बहुतेक वेळा फक्त वॉशर हवा असतो. तांब्याचा किंवा ॲल्युमिनियमचा वॉशर एकदा दाबला गेला की परत नीट बसत नाही, म्हणून दर ऑइल बदलाला नवा. एम-१४ मापाच्या बोल्टला सहसा ३० ते ४० न्यूटन-मीटर लागतात. बोल्ट फिरतच राहिला, आवळला जाईना, तर आटे गेले आहेत. टेफ्लॉन टेप गुंडाळून भागवू नका. आटे दुरुस्तीचं इन्सर्ट बसवून घ्या किंवा चेंबर बदला. कोकण किनाऱ्यावरच्या गाड्यांत पत्र्याचं चेंबर खारट हवेने गंजून सुईएवढं भोक पडतं, तेही याच जागी बघून घ्या.

फिल्टर बदलताना इंजिनचं तोंड पुसून जुनी रिंग निघाल्याची हाताने खात्री करा. नव्या रिंगेला ताजं ऑइल लावा, रिंग टेकेपर्यंत फिरवा आणि त्यापुढे हातानेच पाऊण फेरा. पाना लावून आवळलेला फिल्टर पुढच्या वेळी निघत नाही.

प्रेशर स्विच खोल गोटीने निघतो. नव्या स्विचच्या आट्यांवर सीलंट आधीच लावलेलं असलं तर वेगळं काही नको. अनेक गाड्यांत एका वायरचा स्विच आट्यांमधूनच अर्थिंग घेतो. त्यावर टेपचे थर गुंडाळले तर दिवा चुकीचा वागतो, शिवाय टेपचा तुकडा ऑइलच्या वाटेत अडकू शकतो. हलक्या हाताने आवळा.

जे गॅरेजमध्येच करावं

क्रँकचं मागचं सील, चेनचं कव्हर, हेड गॅस्केट आणि चेंबरचं पूर्ण सीलिंग ही नवख्याची कामं नाहीत. मागच्या सीलसाठी गिअरबॉक्स उतरवावा लागतो. तो उतरतोच आहे तर क्लच प्लेटची जाडी तपासून घ्या, आणि ती ऑइलने भिजली असेल तर बदला. तीच मजुरी परत द्यावी लागणार नाही. गॅरेजमध्ये गाडी देताना "ऑइल गळतंय, बघा" एवढंच सांगू नका. इंजिन धुऊन वरचा ओला बिंदू दाखवा, फोटो द्या, आणि काम सुरू करण्याआधी गळती कुठे सापडली ते प्रत्यक्ष दाखवायला सांगा. चांगला मेकॅनिक याचा राग धरत नाही.

गळती थांबवणारं औषध ऑइलमध्ये घालण्याबद्दल: ते रबर थोडं मऊ करून फुगवतं, त्यामुळे जुन्या गाडीतल्या बारीक पाझरणाऱ्या सीलला काही काळ आधार मिळू शकतो. फाटलेल्या पॅकिंगला आणि सैल जोडाला त्याचा उपयोग नाही. पातळ ऑइलसाठी बनवलेल्या इंजिनात गळती कमी व्हावी म्हणून जाड २०डब्ल्यू-५० भरणंही योग्य नाही. थंड इंजिनात ते वरच्या कॅमपर्यंत उशिरा पोचतं. बाहेरून सिलिकॉन थापणं तर सोडूनच द्या. आतून दाबाने येणारं ऑइल ते सोलून काढतं, आणि पुढे खरी दुरुस्ती करणाऱ्याला तो थर खरवडत बसावं लागतं.

काम झाल्यावर

इंजिन सुरू करून पंधरा मिनिटांनी पाहा, मग ५० किलोमीटरनंतर, मग आठवड्याने. प्रत्येक वेळी त्याच जोडावर कोरडं पांढरं फडकं फिरवा. पहिल्या दिवशी मॅनिफोल्डवर जुनं सांडलेलं ऑइल जळून थोडा वास येतो, तो दोन-तीन फेऱ्यांत जायला हवा. पातळी वरच्या खुणेपर्यंत भरा, मॅन्युअलमधल्याच ग्रेडने, एका वेळी पाव लिटर.

काढलेलं जुनं ऑइल झाकणाच्या डब्यात साठवा आणि जुनं ऑइल घेणाऱ्या सर्व्हिस सेंटरला द्या. भारतात ते घातक कचऱ्यात मोडतं. गटारात, शेताच्या बांधावर किंवा वाळवी लागू नये म्हणून लाकडाला लावण्यात ते संपवू नका. फरशीवरच्या डागावर लाकडाचा भुसा रात्रभर पसरून ठेवा, सकाळी झाडून काढा आणि धुण्याच्या सोड्याच्या गरम पाण्याने घासा. ताजा डाग निघतो, मुरलेला फिकट होतो.